रवळूबुवांचं मुकं भजन

रवळू शहरात, कँपातल्या एका शाळेत शिपाई. अठ्ठावीस वर्षं घंटा देतो. घंटा देणाऱ्या माणसाला हळूहळू असं वाटायला लागतं, की आपण वाजवायचं आणि जगानं उठायचं-बसायचं. सकाळच्या बसनं जाऊन हजार पोरं उठवायची-बसवायची आणि संध्याकाळी उचगावच्या पलीकडं आपल्या गावात येऊन खालच्या गल्लीचं भजनी मंडळ उठवायचं-बसवायचं, हा त्याचा नेम. गळा चांगला होता, खोटं कशाला बोला. देवाचं देणं ते. पण देवाच्या देण्याला माणूस स्वतःची कमाई म्हणायला लागला, की त्याला कीड लागते. चाळिशीत रवळूचा रवळूबुवा झाला आणि पन्नाशीत बुवांना बायकोची हाक ऐकू येईनाशी झाली. कान ठणठणीत होते बरं का.

गावात चैत्रात रवळनाथाची यात्रा भरते. देव पालखीत बसून देवळातनं निघतो आणि चव्हाट्यावरच्या कट्ट्यावर येऊन बसतो. अंतर काय, तीन गल्ल्यांचं. पण रीत अशी, की ही पालखी भजनावर चालते. ठेका पडला की खांदेकऱ्यांचं पाऊल पडतं, भजन थांबलं की पालखी असेल तिथं थांबते. खाली टेकवायची नाही, एक पाऊल पुढं न्यायची नाही. आणि ज्याच्या भजनात पालखी थांबली त्याच्या मंडळाचा मान गेला. मग जो ती हलवील, त्याचा मान. खालच्या गल्लीनं हा मान एकोणीस वर्षं जपला होता, त्यातली अकरा वर्षं रवळूबुवांची. वरच्या गल्लीचं मंडळ दर यात्रेला टाळ पिशवीत घालून, चेहरा भाविक ठेवून, बुवांना ठसका लागायची वाट बघत उभं असायचं.

ठसका लागला नाही. बुवा एका लग्नाला निपाणीला गेले, तिथं सगळं बिनसलं.

लग्नात ऑर्केस्ट्रा होता. स्टेजवर स्पीकर नाही, ढोलकी नाही, काही नाही. सगळ्यांच्या कानात काळी बोंडं आणि कमरेला डबी. बुवा जेवण सोडून साऊंडवाल्या श्रेयांसपाशी जाऊन उभे राहिले. श्रेयांस निपाणीचाच, जैनांचा पोरगा, कामाला चोख आणि बोलायला मऊ. त्यानं पुढच्याच रविवारी सामान घेऊन गाव गाठलं आणि समजावून सांगितलं.

"अण्णा, ह्याला सायलेंट स्टेज म्हणतात. स्टेजवर आवाज करायचाच न्हाय. सगळं तारेतनं मिक्सरला जातंय, तिथनं गल्लीगल्लीतल्या स्पीकरला. आणि ज्याला जे ऐकायचं हाय, ते त्याच्या कानात."

"म्हंजे माझ्या कानात मीच?"

"तसं बी करता येतंय. पण थोडा ठेका, थोडे टाळकरी ठेवा की. गाणं धरून ऱ्हातंय."

"पस्तीस वर्षं टाळकरीच ऐकतोय मी. आता जरा मला ऐकू दे."

श्रेयांसनं आवाजाला थोडा घुमारा लावला, थोडी साखर पेरली आणि बोंडं बुवांच्या कानात घातली. बुवांनी एक आलाप घेतला आणि डोळे मिटले. ते डोळे उघडेपर्यंत चुलीवरचा चहा दोनदा उतू गेला. आपण एवढं ग्वाड गातो, हे बुवांना आधीपासूनच ठाऊक होतं. आता पुरावा मिळाला.

"आणि हे बघा," श्रेयांस म्हणाला, "काय अडचण आली तर मी हितनं तुमच्या कानात बोलू शकतो."

"गाताना मधेच बोललेलं मला खपत न्हाय. तुझा आवाज बंद ठेव."

श्रेयांसनं बंद ठेवला. तुमचे कान, तुमची मर्जी.

मग मंचाचं सोवळं सुरू झालं. पेटीचा भाता श्वास घेतो, म्हणून पेटी बाहेर आणि कीबोर्ड आत. पखवाज घुमतो, म्हणून त्याच्या जागी रबरी पाट. राहिले टाळ. पितळेला मुकं कसं करायचं? श्रेयांस म्हणाला, टाळ नसले तरी चालतंय, कीबोर्डात आहेत. पण टाळकरी नुसते हात हलवत उभे राहिले तर गाव काय म्हणेल? म्हणून बुवांनी स्वतःची अक्कल चालवली. सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक टाळाला आतनं चिकटवून घेतली. दिसायला टाळ, वाजायला थप.

पखवाज वाजवणारा भरमा एक टाळ उलटापालटा करून बघायला लागला. मग म्हणाला, "रवळू, ह्याला टाळ म्हणत न्हाईत रं. ह्याला चप्पल म्हणतात."

"तुला नवीन काय कळतंय? घाल कानात आणि बस पाटावर."

"मी न्हाय घालणार. देवाम्होरं बसायचं आणि कानात बोळं कोंबायचे, ही कुठली तऱ्हा?"

"मग जा खांद्याला."

अशा रीतीनं तीस वर्षांचा पखवाजी पालखीचा खांदेकरी झाला आणि पाटावर कुणाचा तरी भाचा बसला.

घरात जयाबाईनं हे सगळं बघितलं. ती रवळूची बायको, दर गुरुवारी मारुतीच्या देवळात गल्लीतल्या बायकांचं भजन चालवते. चौदा बायका, सात टाळ, बाकी टाळ्या. भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "ओ, ऐकलासा का? शेजारच्याचा टाळ कानावर येत न्हाय, ते कसलं भजन? एकट्यानं ऐकायला न्हाणीघर हाय की."

"गुरुवारी टाळ्या पिटणं येगळं, हे येगळं. ह्यात टेक्निक हाय."

"असू दे बाई," जयाबाईनं भाकरी उलटली. "देवाला तेवढं समजावून सांगा म्हंजे झालं."

यात्रेच्या दिवशी दुपारी चारला पालखी निघाली. चव्हाट्यावर मंच, मंचावर पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांत सारं मंडळ, मधोमध बुवा. पहिली गल्ली झाली, दुसरी झाली. स्पीकरांतनं आवाज असा सुरेख येत होता, की वरच्या गल्लीच्या बुवांनी हातातली पिशवी खाली ठेवली. पालखी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर वळली. समोर चव्हाटा दिसायला लागला, सत्तर-ऐंशी पावलांवर.

आणि गावातल्या शाळेमागं ठेवलेल्या जनरेटरनं दोनदा खोकून मान टाकली.

स्पीकर गेले. पण मिक्सर आणि मंचावरचं सगळं सामान बॅटरीवर होतं. बुवांच्या कानाची सोय आधीच करून ठेवलेली होती. गावाच्या कानाची करायची, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

खांदेकऱ्यांचे पाय जिथल्या तिथं थांबले. सारं गाव चव्हाट्याकडं बघायला लागलं. तिथं बुवांनी एक हात आभाळाला लावला होता, दुसरा छातीवर, डोळे मिटलेले, मान लवतेय, ओठ हलतायत. टाळकरी रबर आपटतायत, थप, थप. भाचा पाट बडवतोय, जसं कुणी गादीतली धूळ झाडावी. कानात बोंडं घातल्यापासून बुवा जोर लावून गायचंच विसरले होते, त्यामुळं पुढं बसलेल्यांना जे ऐकू आलं ते भांड्यात अडकलेल्या माशीसारखं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय गं, माझंच कान गेलं का?"

श्रेयांस मिक्सरवरनं टाळकऱ्यांच्या कानात ओरडला, "लाईट गेलीय! बुवांना सांगा, मी जनरेटर बघतो!" आणि धावला. टाळकऱ्यांनी ऐकलं, एकमेकांकडं बघितलं. पण गाताना बुवांना हात लावायचा नाही, हा नियम बुवांचाच. गेल्या साली एकानं डास मारायला हात लावला, तर त्याला पुढं सहा महिने मागं बसवलं होतं. कोण लावतोय हात? ते थप थप करत राहिले.

"रवळूऽऽ!" पालखीखालनं भरमा ओरडला. घाम डोळ्यांत चाललेला. "अरं बाबा, देव रस्त्यात उभा हाय की रं!"

बुवांनी नेमकी तेव्हाच एक लांब तान घेतली असावी. मुद्रा तरी तशीच होती.

वरच्या गल्लीचे बुवा वाकले आणि पिशवीतनं टाळ काढायला लागले. गडबडीत दोरी गुंतली. ती गुंत सुटायच्या आत आरतीची ताटं घेऊन पालखीपुढं चाललेल्या बायकांतनं जयाबाईचा आवाज उठला. गोड बिड काही नाही, शेतात लांबच्या माणसाला हाक मारणारा आवाज. तिच्या मागं तेरा बायका. ताटं एका हातावर तोलून त्यांनी दुसरा हात मांडीवर मारून ठेका धरला. मालुबाईच्या ताटातला गुलाल सगळ्यांवर उडाला. भरमाचं पाऊल उचललं. पालखी हलली.

सत्तर-ऐंशी पावलं. देव कट्ट्यावर बसला, गुरवानं धूप दाखवला, लोकांनी हात जोडले. त्यानंतर दोन कडवी आणखी म्हणून रवळूबुवांनी डोळे उघडले. समोर पालखी बसलेली, गाव हात जोडून उभं. बुवा गहिवरले. उठून त्यांनी चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. कानातली बोंडं काढली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसणं ऐकू आलं.

देवस्थानचे थोरले पंच शामूआप्पा काठी टेकत पुढं आले. "रवळू, पालखी थांबली."

"कवा? मी तर गातच हुतो की आप्पा!"

"तू गात हुतास, व्हय. पण कुणासाठी, ते तुझं तुला ठावं." आप्पा वळले. "हलवली जयाबाईच्या मंडळानं. मान त्यांचा."

रवळूबुवा पडले तरी नाक वरच. हसून म्हणाले, "म्हंजे आमच्या घरातच ऱ्हायला की मान! पुढल्या साली मी आणि ही मिळून..."

"आमच्यात बुवा नसतोय," जयाबाई पदरानं गुलाल झटकत म्हणाली. "यायचं तर गुरुवारी या. मागच्या वळीत बसायचं, टाळ धरायचा आणि शेजारणीचं ऐकायचं."

गाव हसलं. पण मानाशिवाय रवळूला करमेना. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी तो मारुतीच्या देवळात जाऊन मागच्या वळीत, मालुबाईच्या शेजारी बसला. टाळ वाजवला आणि तिसऱ्याच आवर्तनाला सगळ्यांच्या पुढं निघून गेला. मालुबाईनं कोपर मारलं. "भाऊजी, कुठं पळालासा? देव हितंच हाय."

आजवर पाच गुरुवार झाले. कोपर खाऊन खाऊन बरगडी हुळहुळी झालीय, पण ठेका आता कुठं शेजारणीच्या जवळपास येतोय. तोंड उघडायला अजून परवानगी नाही. त्याचा निकाल चौदा बायका मिळून लावणार आहेत, आणि त्यांना काही घाई नाही.