तिच्या तोंडी घातलेलं बोलणं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अभ्यासाचा लेख म्हणजे काय, छापायच्या आधी तो कोण तपासतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ते भीतीने शिकवलं.

मुलगी जळगावला कॉलेजात शिकवते. कायम नाही, तासांवर. दर जूनला तिच्या विभागाचे सर ठरवतात, हिला तास द्यायचे की नाही. जावयाचं काम सुटल्यापासून घर त्या तासांवर चालतं. म्हणून जून जवळ आला की मी इथे शिंदखेड्याकडच्या गावात बसून घाबरतो. आधी आम्ही दोघं घाबरायचो. बायको गेली, आता एकट्याने घाबरावं लागतं. ते फार जड जातं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलगी आली. गेलेल्यांच्या नावाने त्या दिवशी घागर पुजतात, बायकोच्या नावाची ही पहिलीच. जेवणं झाली तेव्हा ती म्हणाली, एक लेख वाचून दाखवते, नुसतं ऐका. धुळ्याला एक संपादक आहेत, अभ्यासाचं मासिक काढतात. आलेला लेख ते त्या विषयातल्या माणसाकडे तपासायला पाठवतात. लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकतात, तपासणाऱ्याचंही कुणाला कळू देत नाहीत. तसा एक लेख तिच्याकडे आला होता, कानबाईवर, श्रावणात आम्ही घरात बसवतो त्या देवीवर.

लेखात एक म्हातारी होती. निळं दार, दारात शेवगा, गुडघ्यांनी अधू, मनगटावर गोंदलेला विंचू. ती माझी बायको. लेखात ती भडाभडा बोलत होती. सासूने कानबाई कशी सोपवली, नारळाला नथ कशी घालतात, रात्रभर गाणी कशी चालतात. मी म्हटलं, परत वाच. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. घरात इतके महिने तिचा आवाज नव्हता.

शेवटी लिहिलं होतं, म्हातारीने आपल्या हाताने लेखकाला कानबाईच्या प्रसादाचा रोट भरवला.

आमच्याकडे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. मुलगी लग्न होऊन परक्या घरची झाली, त्या वर्षापासून आईने तिलासुद्धा तुकडा दिला नाही. ताटात पुरणपोळी वाढायची, डोळ्याला पदर लावायची, पण रोट नाही. आणि या माणसाला भरवला?

ते सगळं खोटं आहे हे मुलीला आधीच कळलेलं होतं.

"नाना, हाई बठ्ठं खोटं शे," ती म्हणाली. "आणि लिखनारा कोन शे, ते तुमले बी माहीत शे."

माहीत होतंच. मागच्या श्रावणात आमच्या दारात परका माणूस एकच आला होता, तिचे सर. पत्ता तिनेच दिला होता. त्या वर्षी कानबाई भावाच्या घरी बसली होती, कारण आमची ही तापाने खाटेवर होती, भिंतीकडे तोंड करून. सर ओट्यावर बसले, चहा घेतला, दाराचा फोटो काढला, गेले. ती कुशीवरसुद्धा वळली नाही.

मी म्हटलं, वेळ नाही म्हणून सांग आणि लेख परत करून टाक. जून तोंडावर आलाय. ती म्हणाली, मग तो दुसऱ्याकडे जाईल, त्याला यातलं काय ठाऊक. छापला जाईल. उद्याची पोरं तेच खरं धरून पुढे लिहितील. मी म्हटलं, लिहू दे, मेलेल्या माणसाला काय लागतंय. घागरीसमोर बसून बोललो मी हे. ती उठून भांडी घासायला गेली.

परत जाताना ती धुळ्याला उतरली आणि संपादकांना तोंडावर सांगून आली. लिहिणारे माझे सर आहेत, मी त्यांच्या हाताखाली आहे, तेव्हा हा लेख मी तपासणं बरोबर नाही. आणि यातली बाई माझी आई आहे, ती हे बोललेली नाही. संपादकांनी लेख तिच्याकडून काढून घेतला, तिचं नाव कुठे येणार नाही म्हणाले. सरांकडे एवढंच मागितलं, की जिचं बोलणं छापायचं तिचा होकार आणा, ती नसेल तर घरच्याचा. सगळ्यांकडेच मागतात म्हणे.

फोनवर तिने हे सांगितलं. घरचा म्हणजे मीच की.

सर आले, सफरचंदं घेऊन. खाटेवर माझ्या शेजारी बसले. मावशी किती मोकळं बोलल्या त्या दिवशी, म्हणाले. मोबाईल चालू करून मध्ये ठेवला. "आबा, दोन शब्द बोला. त्या बोलल्या, आणि छापायला तुमची ना नाही. बस." मग मुलीचं कौतुक सुरू केलं. हुशार आहे, कष्टाळू आहे. "जूनमध्ये मलाच बघायचंय ना तिचं."

लेख तिच्याकडे गेला होता हे त्यांना कळलं होतं का? चेहऱ्यावरून काही लागेना. नाही म्हणावं तर संशय सरळ पोरीवर जाणार. हो म्हणावं तर समोर भिंतीवर हिचा फोटो.

मी विचारलं, "रोट कसा लागला, सर?"

"वा! मावशींच्या हाताला चवच तशी."

तेव्हा मी मोबाईलकडे वाकलो. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "ती बोलनीच नही. रोट बी नही दिधा. ती निजेल व्हती."

सरांनी मोबाईल उचलला. वय झालं की विसरायला होतं, म्हणाले आणि हसले. दारातून वळून म्हणाले, "मॅडमना सांगा, मी येऊन गेलो."

मी लगेच फोन लावला, सगळं सांगितलं, शेवटी रडलो. ती म्हणाली, "नाना, जेवनात का?"

लेख छापला नाही. होकार आला नाही म्हणून संपादकांनी परत केला. जूनमध्ये मुलीचे तास निम्मे केले, कारण कुणी सांगितलं नाही. बाकीचे अजून आहेत, पुढच्या जूनपर्यंत. मला आत्तापासूनच त्या जूनची भीती वाटते.