चक्कीवरचे डबे आणि साहेबांचं मशीन

मी शिकलो तो माझ्या वहिनींमुळे. भाऊ कोळशाच्या खाणीत पाळीवर असायचा आणि सावनेरची आमची पिठाची चक्की वहिनी एकट्या चालवायच्या. घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. प्रवेशाच्या दिवशी चक्की बंद ठेवून त्या माझ्यासोबत नागपूरला आल्या होत्या.

एकदा चक्कीची मोटर जळाली. बाया आपापले डबे उचलायला लागल्या, तशा वहिनी दारात उभ्या राहिल्या. "मोटर जळली, तुमचं दळण नाही जळलं. डबे काहून उचलता?" मग कोपऱ्यातल्या मिरचीकांडपाची मोटर आम्ही दोघांनी काढली आणि चक्कीला बसवली. काढण्याआधी कोणती तार कुठे आहे हे त्यांनी मला कोळशाने भिंतीवर काढायला लावलं. दुपारी रांगेतल्या पहिल्या डब्यापासून दळण सुरू झालं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हिंगण्याच्या एका कारखान्यात मला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. स्टोअरमधल्या सुट्या भागांच्या नोंदींची कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायची होती. स्टोअरकीपर एकेक कार्ड वाचायचा, मी टाइप करायचो. दोन महिने हेच चाललं. फ्लॉपीवर नक्कल ठेवू द्या, असं मी मॅनेजरना दोनदा लिहून दिलं. फ्लॉपीचा डबा त्यांच्या कपाटात कुलपात होता आणि तिथेच राहिला.

एका सोमवारी मशीन सुरूच होईना. हार्ड डिस्क सापडत नाही, एवढंच पडद्यावर यायचं. मॅनेजरनी सगळ्यांसमोर विचारलं, कॉलेजात मशीन मोडायला शिकवतात का.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर आला. झाकण उघडून त्याने सांगितलं की डिस्क चांगली आहे, तिला मशीनशी जोडणारं कार्ड गेलं आहे. त्याने आणलेलं कार्ड दुसऱ्या जातीचं होतं. ते बसवायचं तर डिस्क पुसून सगळी सिस्टीम नव्याने चढवावी लागणार होती. मी म्हणालो, ही डिस्क ज्या जातीच्या कार्डाने लिहिली तसंच कार्ड लावलं तर काहीच पुसावं लागणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅनेजरना विचारलं, "हे कुठले?"

"सावनेरचे."

"तिकडे कॉम्प्युटर कोळशावर चालत असतील."

सगळे हसले. स्टोअरकीपरही हसला.

तसंच कार्ड मॅनेजरच्या केबिनमध्ये होतं. कारखान्याने दोन सारखी मशीनं एकदम घेतली होती. त्यांचं मशीन प्लास्टिकखाली झाकलेलं असे, पाहुणे आले की तेवढं उघडायचं. दसऱ्याचं कुंकू आणि झेंडूची वाळलेली माळ अजून त्यावर होती. त्यातलं कार्ड लावून पाहू, असं मी म्हणालो.

"पूजेचं मशीन आहे. त्याला तू स्क्रू-ड्रायव्हर लावणार?"

"दोन महिन्यांचं काम जाईल, साहेब."

"मग अजून दोन महिने कर. पगार कशाचा घेतो?"

जेवणानंतर डिस्क पुसायचं ठरलं आणि दोघे कँटीनला गेले. मी केबिनमध्ये शिरलो. स्टोअरकीपरने जेवणाचा डबा बाजूला ठेवून प्लास्टिक धरलं, हे मला लिहिलंच पाहिजे. मी माळ काढून खुर्चीवर ठेवली, तारांची कोणती पट्टी कुठे जाते ते कागदावर काढलं आणि कार्ड आणून आमच्या मशीनला बसवलं. डिस्कचा लाल दिवा लागला. स्टोअरच्या पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत सगळं जागेवर होतं.

इंजिनिअर परतला, पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला की तो हेच करणार होता. मॅनेजरनी खुर्चीवरची माळ पाहिली आणि स्टोअरकीपरला विचारलं.

"मले काही माहीत नाही, साहेब. मी जेवून राहिलो होतो."

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून माफीनामा मागितला. विनापरवानगी मशीन उघडून नुकसान केलं, असं त्यात लिहायचं होतं. न लिहिल्यास उद्यापासून येऊ नये. दुरुस्तीच्या कागदावर इंजिनिअरची सही झाली होती. इतकी वर्षं गेली, त्या तिघांपैकी एकालाही मी माफ केलेलं नाही. त्या दिवशी खोलीवर येऊन हे पत्र लिहिलं:

"वहिनी, नमस्कार. नोकरी गेली. नुकसान केलं असं लिहून दिलं असतं तर राहिली असती. नुकसान केलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. नुसत्या ठेवलेल्या मशीनचा भाग काढून बंद पडलेल्या मशीनला लावला. तुम्ही मिरचीच्या मोटरचं केलं होतं तसंच. सगळं काम वाचलं. त्या लोकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तुम्ही वाचणार म्हणून खोडल्या. भाऊला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून ऐकलं तर तो हिंगण्याला जाऊन भांडेल. मी रविवारी येतो. चक्कीचा पट्टा पुन्हा घसरत असेल तर माप कळवा, इथून घेऊन येईन."