दोन ओळींचं पत्र आणि त्याची प्रत

तुम्हाला म्हणून सांगतो, वर्तकनगरात कोणाला बोलू नका. बोललात तरी बिघडत नाही म्हणा, तिथे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

मी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. इंग्रजी शिकलो ते तिथल्या फायलींतून. आमचे हेडक्लार्क पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "हे बघ, पत्रात 'मी' कुठेही येता कामा नये. 'आय अ‍ॅम अँग्री' लिहिलंस, तर उद्या तुलाच विचारतील, का रागावलास? त्यापेक्षा 'इट इज सरप्रायझिंग दॅट यू शुड...' असं लिहायचं. आपण असं करावं हे आश्चर्यकारक आहे! आता आश्चर्य कोणाला वाटलं? कोणालाच नाही. ते आपलं हवेत असतं."

काय विद्या होती! आधी एक विशेषण, मग 'दॅट', मग 'शुड' नाहीतर 'मे'. रिग्रेटेबल दॅट, एसेन्शियल दॅट, डिझायरेबल दॅट. या वाक्यांच्या आडोशाला मी चौतीस वर्षं बसलो आणि एकदाही सापडलो नाही.

निवृत्तीनंतर ही विद्या गंजायला लागली. घरात वापरून पाहिली. "आमटीत मीठ असणं इष्ट आहे," असं म्हणालो, तर कुमुदने, म्हणजे आमच्या बायकोने, मिठाची बरणी आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि ती टीव्हीकडे वळली.

अशात एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची वीणा आली. वीणा जेवणाचे डबे करते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याला रोज साठ डबे जातात, तेच तिचं मुख्य काम. बाकी किरकोळ.

"काका, काल टेम्पो बंद पडलेला हो. डबे दोन वाजता पोचले. जेवणाची सुट्टी संपून गेलेली, माणसं उपाशी कामावर बसली. आता ते नवे मॅनेजर आहेत ना, नायरसाहेब, ते म्हणतात लेखी द्या. दोनच ओळी. गाडी बंद पडली, परत असं होणार नाही, बस्स. इंग्लिशमध्ये पायजे."

"दोन ओळी?" मी म्हणालो. "अगं, त्याला चिठ्ठी म्हणतात. पत्र नाही."

"चिठ्ठी चालेल, काका."

तिला चालणार होती. मला कशी चालावी? किती महिन्यांनी हातात काम आलं होतं! मी चष्मा पुसला आणि चौकशी सुरू केली.

"गेटवर किती वेळ गेला?"

"पंधरा मिनिटं. वॉचमन नाव लिहून घेतो ना. पण तो बिचारा..."

"बिचारा नाही, मुद्दा आहे तो!"

पत्र दीड पान झालं. वाहन नादुरुस्त होऊ शकतं हे स्वाभाविक आहे. आपल्यासारख्या नामांकित कारखान्याने पर्यायी व्यवस्था ठेवू नये हे आश्चर्यकारक आहे. गेटवर विलंब व्हावा हे खेदजनक आहे. यापुढे टेम्पोला थेट आत सोडलं जावं हे अत्यावश्यक आहे. प्रत्येक वाक्यात विशेषण, दॅट आणि शुड! अहो, वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

आणि मग मी खाली लिहिलं, 'प्रत माहितीसाठी'.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या कचेरीत पत्राची एक प्रत वरच्या साहेबाला गेल्याशिवाय खालचा माणूस हलत नसे. त्यामुळे प्रत न लावता पत्र पाठवणं म्हणजे तिकीट न लावता पाठवणं. वीणाकडच्या ऑर्डरच्या कागदावर कंपनीच्या बेंगळुरूच्या हेड ऑफिसचा पत्ता होता. मी तिथल्या डायरेक्टरांना प्रत लावली.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नको काका. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." तिने सही केली आणि घाईने निघून गेली, खाली कुकर लावलेला होता.

हे तिचं वाक्य मला अजून टोचतं. दोन्ही पाकिटं मी स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केली. पावत्या व्यवस्थित ठेवल्या. माणूस मूर्ख असला तरी अव्यवस्थित नसावा.

आठव्या दिवशी वीणा दारात उभी. चेहरा उतरलेला.

"काका, सोमवारपासून डबे नको म्हणाले. हेड ऑफिसमधून साहेबांना फोन आलेला म्हणे. तुम्ही बाई असून आम्हाला नोटीस देता, असं म्हणाले. मी कसली नोटीस दिली, काका?"

माझ्या तोंडून काय निघावं? "आपण घाबरायचं नाही, आता एक स्मरणपत्र..."

"तुम्ही," कुमुद आतून म्हणाली, "पेन खाली ठेवा. आणि चपला घाला."

रिक्षाने वीणा आणि मी वागळे इस्टेटला गेलो. तिने दोन बायका कामाला ठेवल्या आहेत, त्यांना काय सांगायचं हे ती मनात जुळवत असावी. मी मात्र पुढच्या वाक्यासाठी विशेषण शोधत होतो. सवय हो, दुसरं काय!

नायरसाहेब दमलेले गृहस्थ वाटले. माझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं, जागोजागी खुणा केलेलं.

"मॅडम, मैंने दो लाइन मांगा था. ये क्या है? मेरे ऊपर केस करना है क्या?"

वीणाने त्या कागदाकडे पाहिलंही नाही. "नाही हो साहेब. गाडी बंद पडली तेव्हा मी लगेच दुसरी बघायला पाहिजे होती. होईल चालू, होईल चालू, करत बसले. मेरी गलती है. लोग भूखे रहे, उसका मुझे बुरा लगा."

मी मनातल्या मनात तपासलं. एकही विशेषण हवेत नव्हतं. गलती कोणाची, मेरी. बुरा कोणाला लगा, मुझे. चौतीस वर्षांत असं वाक्य मी लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरीही कधी बोललो नव्हतो.

"बस, यही चाहिए था," नायरसाहेब म्हणाले. "लेकिन ये लिखा किसने?"

वीणाने माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. खूप चांगली बाई. मीच घसा साफ केला. आता साधं 'मी लिहिलं, माझं चुकलं' म्हणावं की नाही? पण जीभ माझी. ती म्हणाली, "सर, इट इज रिग्रेटेबल दॅट धिस लेटर शुड हॅव बीन इश्यूड."

"हां, लेकिन इश्यू किसने किया?"

मी नुसता हात वर केला. शाळेतल्यासारखा.

ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. म्हणाले, डबे चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण तुमची प्रत हेड ऑफिसला पोचली आहे. तिथे आता लेखी उत्तर गेल्याशिवाय ही ऑर्डर चालू राहणार नाही. आणि मला असलं इंग्लिश येत नाही. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "अभी आप ही जवाब लिखो. मेरी तरफ से."

म्हणजे माझ्याच पत्राला मीच उत्तर द्यायचं! माझा एकेक मुद्दा मीच खोडायचा!

बसलो. वीणाचे साठ डबे त्या कागदावर होते. कारखान्याने पर्यायी व्यवस्था ठेवावी ही अपेक्षा हास्यास्पद आहे. गेटवर नोंद व्हावी हे योग्यच आहे. डबे मात्र चालू राहावेत हे इष्ट आहे. आणि शेवटी, 'इट इज अनफॉर्च्युनेट दॅट द लेडी शुड हॅव ट्रस्टेड सच अ पर्सन.' सदर महिलेने अशा इसमावर विश्वास ठेवावा हे दुर्दैवी आहे.

नायरसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही ठोकली. अहो, माझ्या उभ्या नोकरीत साहेबाच्या लाल शाईशिवाय माझा एकही मसुदा परत आला नव्हता. हा पहिलाच, एका अक्षराचीही दुरुस्ती न होता मंजूर झालेला!

परत येताना रिक्षात वीणाने विचारलं, "शेवटी काय लिहिलंत हो काका? साहेब एवढे खूश झाले ते?"

मी तिला मराठीत अर्थ सांगितला.

तिने विचार केला. मग पदराने कपाळ पुसत म्हणाली, "या वेळी मात्र अगदी बरोबर लिहिलंत हो."