मधुकररावांच्या कुलरमधली लहानशी माशी

ऑगस्ट लागला की नागपुरात कुलरला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या टाकीतलं पाणीही कोणी काढत नाही. रुख्मिणीबाईला नेमकं तेच पाणी हवं असतं. टॉर्च, पळी आणि काचेचा ग्लास घेऊन ती डेंग्यूच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरते. निम्मे लोक फाटकातूनच तिला वाटेला लावतात. पण बाई चिवट. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाही.

रामदासपेठेतले मधुकरराव मात्र दार उघडायचे, खुर्ची द्यायचे, चहाही विचारायचे. कुलरला तेवढा हात लावू द्यायचे नाहीत. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस, शब्द दिसला की त्याचं कूळ काढल्याशिवाय चैन पडत नसे. त्या मंगळवारी रुख्मिणीबाईनं टाकी रिकामी करायचं काढलं, तर ते हसायलाच लागले.

“मॉस्किटो हा मुळात इंग्रजी शब्दच नाही, बाई. चारशे वर्षांपूर्वी स्पॅनिशमधून आलाय. मोस्का म्हणजे माशी. डबा लहान झाला की आपण डबी म्हणतो ना, तसं त्यांनी माशीचं मॉस्किटो केलं. लहानशी माशी! आपला डास निदान दंशावरून आला, त्यांनी नुसता आकार पाहिला. आणि एवढ्याशा माशीपायी तुम्ही माझा अख्खा कुलर उलटा करणार?”

रुख्मिणीबाईला हे मनापासून आवडलं. बारा वर्षांच्या नोकरीत तिला बसवून काही समजावून सांगणारा हा एकच माणूस. पण आतल्या खोलीत त्यांची आठ वर्षांची नात अदिती उघड्या पायांनी चित्र काढत बसली होती, कालच पुण्याहून आलेली. तिला पाहून बाईचा जीव खालीवर झाला.

तिनं न विचारताच टाकीत पळी घातली, पाणी ग्लासात ओतलं आणि ग्लास खिडकीशी धरला. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

“सर, हीच तुमची लहानशी माशी. माही पोट्टी भूमिका नऊ वर्साची होती, तवा तिले चावली. अकरा दिवस पोट्टी दवाखान्यात. प्लेटलेट पार उतरल्या. मी बाहेर रडून राहिली होती, अन् कोण कुठले सहा जण येऊन प्लेटलेट देऊन गेले. एकाचंबी नाव मले ठाऊक नाही. पोट्टी आता नर्सिंग शिकून राहिली. त्यायचे आभार मानाले कोणाच्या दारी जाऊ जी? म्हणून मी सगळ्यायच्याच दारी जाते.”

मधुकररावांनी ग्लास हातात घेतला, चष्मा वर करून पाहिलं आणि मग आतल्या खोलीकडे पाहिलं. ते पायजमा खोचून कुलरला भिडले. एकट्यानं तो हलेना, तेव्हा दोघांनी मिळून तिरपा केला. पाणी तापलेल्या अंगणात पसरलं.

“आता घासा सर. अंडी कडेले चिकटून राहतात.”

सर उकिडवे बसले आणि काथ्यानं टाकी घासू लागले. घासून झाल्यावर कण्हत उठले.

“बाई, तुमचे आभार कसे मानू?”

इतक्या वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. रुख्मिणीबाईचे डोळे भरून आले.

“माहे नका मानू, सर. त्या सहा जणायचे माना. मले त्यायनंच धाडलं.”