मारुती काय म्हणतो?

शिवाजी हृदयविकारानं गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्यात होतो. कुपवाडला पोहोचलो, तर त्याच्या दारात तो पूर्वी कामाला होता त्या फाउंड्रीचा मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा. पार्थिवाला हार घालून म्हणाला, "सुटला बिचारा. डोक्यानं पहिल्यापासूनच अधू होता."

शिवाजी अधू नव्हता. कोरेगावात आम्ही एका बाकावर शिकलो. त्याच्याइतका हसरा पोरगा वर्गात नव्हता. नव्वदच्या सुमारास तो या फाउंड्रीत लागला. तिथं एकदा झिजलेली साखळी तुटली आणि उकळत्या लोखंडाचं भांडं त्याच्या जोडीदारावर, मारुतीवर उलटलं. शिवाजीच्या डोळ्यांदेखत तो गेला. मालकानं शिवाजीकडून वदवून घेतलं, की मारुती दारू पिऊन आला होता. नोकरीच्या भीतीनं तो बोलला...

पुढं काही महिन्यांतच तो मेलेला मारुती शिवाजीशी बोलू लागला. "खोटं का बोललास म्हणतोय रं, गड्या," तो मला सांगायचा. भावकीनं देवऋष्याकडं नेऊन त्याला चाबकानं फोडून काढलं. पुढं दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, झोप लागली. पण डॉक्टरांनी बजावलं, अपघाताचा विषयही काढू नका, वेड वाढेल. किती सोयीचा सल्ला! मालकाला तर फारच.

मग सांगलीत मानसोपचार करणाऱ्या एक तरुण बाई भेटल्या. गोळ्या चालूच ठेवा म्हणाल्या आणि सरळ विचारलं, "मारुती काय म्हणतो?"

शिवाजीनं उलट विचारलं, "तुमचा इस्वास हाय माझ्यावर?"

"आहे. झेपेल तेवढंच सांगा. नको वाटलं की थांबू."

कित्येक आठवडे तो थोडं थोडं सांगत गेला. मधेच उठून दाराकडं जायचा. बाई थांबायच्या, तो सावरला की पुन्हा ऐकायच्या. शेवटी एके दिवशी तो आपणहून मारुतीच्या बायकोसमोर जाऊन बसला. "वैनी, मारुती प्याला नव्हता. मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय, भावजी," ती म्हणाली. "पर कुणीतरी बोलाय पायजे हुतं."

मारुतीचा आवाज पुरता गेला नाही, पण दरडावायचा थांबला. शिवाजी दुसरीकडं कामाला लागला, हसूही लागला. मालकाला मात्र कुणी कधी काही विचारलं नाही.

परवा, तो गेल्यावर, त्याच्या खोलीत बसलो होतो. फाउंड्रीकडची खिडकी त्यानं आजारपणात पत्रा ठोकून बंद केली होती. बरा होत आल्यावर स्वतःच्या हातानं उघडली, असं त्याची बायको सांगत होती. तिथून फाउंड्रीतल्या साच्यांच्या जळक्या वाळूचा वास येत होता. मला तो सोसेना, म्हणून मी खिडकी लावायला उठलो.

"ऱ्हाऊ द्या भावजी," ती म्हणाली. "त्यांनी उघडलीया."