मागं न बघता पॉम्पेई

आमच्या नांदूरघाटच्या भागात जहाजात बसून परदेशचा समुद्र फिरून आलेला मुकादम मी एकटाच. आणि जहाज कुठं कुठं थांबणार एवढं सोडलं, तर बाकी सगळं मीच ठरवलं होतं.

मुकादम म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगावं लागेल. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात. बायकापोरं, भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या, सगळं ट्रकात घालून परक्या मुलखातल्या फडावर बिनचूक नेऊन उतरवायचं, हे मुकादमाचं काम. शाळा म्हणाल तर मी दुसरी पास. (तिसरीत गेलो होतो, पण मास्तरचं आणि माझं जमलं नाही.) तरी माझ्या टोळीतलं एक माणूस कधी वाटेत हरवलं नाही. एकदा एक कोंबडी हरवली, पण तिचाही तपास लागला. ड्रायव्हरच्या डब्यात!

ह्या कामाचं एक गुपित आहे, ते आज फुकट सांगतो. मुकादमानं म्होरं चालायचं आणि मागं वळून बघायचं नाही. मागं बघितलं की टोळीला वाटतं, ह्यालाच रस्ता माहीत नाही.

तर आमची मंगल पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि जावई प्रकाशराव पण त्याच कामात. दोघं एका रविवारी गावाकडं आले आणि मंगल म्हणाली, "तात्या, तुमाला आन् आईला भूमध्य समुद्रात फिरवायचंय. मोठं जहाज असतंय. रातभर चालतंय, सकाळी एका बंदराला लागतंय. दिवसभर गाव बघायचं, सांजच्याला परत जहाजात."

"मंजी कारखान्यावर गेल्यासारखंच की गं! फक्त ऊस न्हाई."

"तात्या, आरामाला जायचंय, कामाला न्हाई!"

"काम न्हाई त्या गावाला माणूस जातंयच कावून?" मी म्हणालो. पण पासपोर्टासाठी फोटो काढायला सगळ्यात आधी मीच जाऊन बसलो होतो.

मग ओसरीवर बैठक भरली. जावयांनी लॅपटॉप उघडला. त्यात रंगीबेरंगी चौकोन, आणि चौकोनाचौकोनात गावं.

"मामा, मार्सेलला उतरलं की आधी जुनं बंदर. मग किल्ला, मग कॅथेड्रल, मग म्युझियम, मग टेकडीवरचं चर्च, मग—"

"थांबा, थांबा. जावईबापू, देवाचं दर्शन घ्यायचंय का देवाच्या दारोदार हजेरी लावत पळायचंय?"

"पण मामा, एवढ्या लांब जातोय तर—"

"एवढ्या लांब जातो म्हणून भोवळ येऊन पडायचं व्हय? एका गावात एकच काम! परळीला गेलं की वैजनाथ. तिथं कुणी म्हणतंय का, आधी बसस्टँड बघू, मग पाण्याची टाकी बघू?"

मंगल मधे पडली. "तात्या, जहाजवाल्यांच्याच बसगाड्या असत्यात. त्यात बसलं की समदं दावून माघारी आणून सोडत्यात."

तिथंच माझं टाळकं सरकलं! "मुकादमाला दुसऱ्याच्या गाडीत कोंबता व्हय गं? उद्या म्हणशील, तात्या, तुमाला कुणी जेवू बी घालतंय!"

"जहाजावर घालत्यातच की," मंगल म्हणाली. ते मी ऐकलं नाही असं केलं.

मग कळलं की रोमला बंदरच नाही! जहाजाच्या कागदावर नाव रोमचं, आणि उतरवणार भलत्याच गावात. तिथनं पुढं रेल्वेनं तास-दीड तास. म्हणजे गाडीला पाटी लावायची केजची आणि माणसं उतरवायची मांजरसुंब्याला! मी जागच्या जागी रोम कॅन्सल केलं. (रोमच्या लोकांना वाईट वाटलं असेल तर त्यांनी मोठ्या मनानं घ्यावं.) जावयांचं तोंड एवढंसं झालं, पण मुकादमकीत तोंडं बघून चालत नाही.

सगळ्यांचं बोलून झालं. माझी बायको कौसा खांबाला टेकून शेंगा फोडत बसली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मला ते राखंखालचं गाव बघायचंय," ती म्हणाली.

मंगलनं तिला फोनवर दाखवलं होतं. डोंगर फुटला, राख पडली, आख्खं पॉम्पेई गाव गाडलं गेलं. कितीतरी पिढ्यांनंतर लोकांनी उकरून काढलं, तर घरं, रस्ते, पाव भाजायची भट्टी, समदं जागच्या जागी. भट्टीत भाकरीसुद्धा!

"बिचारीला भाकरी भाईर काढायला बी सवड गावली न्हाई," कौसा म्हणाली. "मला ती भट्टी बघायची. बाकी तुमचं काय बी बघा."

आता ही बाई कोण? फडावर दिवस उगवायच्या आत तीन दगडांवर भाकरी थापून, मग माझ्या बरोबरीनं कोयता हाणणारी. मुकादम झालो तरी तिचा तवा सुटला नव्हता. सगळ्या जल्मात तिनं माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते सरपण. मी छातीवर हात मारला.

"कौसे, भट्टी मी दावणार! मी सोता दावणार!"

"तुमी दावा न्हाईतर कुणी दावा. मला दिसली मंजी झालं."

(हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला पाहिजे होतं.)

जहाजाचं काय सांगू! आख्खं केज उचलून पाण्यात सोडावं एवढं. मार्सेलला उतरलो तर टेकडीवरचं चर्च बंदरावरनंच दिसत होतं. आता जी गोष्ट उघड्या डोळ्यांनी दिसते, तिच्याकडं जायला बस कशाला? सगळ्यांना पायी काढलं. मी म्होरं, मागं कौसा, मागं मंगल, आणि लई मागं जावई. वर पोचलो तेव्हा जावई पायरीवर असे पसरले की एक बाई त्यांच्याजवळ नाणं ठेवून गेली! पण पोचलो का नाही? पोचलो! "बघा, नकाशा लागला का?" मी म्हणालो. थेट दारापर्यंत बस येते हे मला वर गेल्यावर दिसलं, पण ते मी कुणाच्या ध्यानात येऊ दिलं नाही.

तिथंच मी एक गोष्ट हेरली. हरेक टोळीच्या म्होरं एक माणूस काठीला काहीतरी बांधून चालायचा. कुणाची छत्री, कुणाचा रुमाल, एकाची तर बाहुली! आणि मागनं सगळे मुकाट. म्हणजे मुकादमच की! माझा ऊर भरून आला. सगळ्या जगात आपलीच रीत!

नेपल्सला जहाज लागलं त्या सकाळी मी माझा गुलाबी पटका काठीला बांधला.

"तात्या, आपण चौघंच हाव. बावटा कशाला?" मंगल म्हणाली.

"चौघं असू दे न्हाईतर चारशे. टोळी ती टोळी."

रेल्वेनं पॉम्पेईला गेलो. जावयांनी तिकिटं काढून स्वतःच्या खिशात ठेवली. (हेही ध्यानात ठेवा.) आत पाऊल टाकलं आणि मी खूश! दगडी रस्ते, आणि दगडात बैलगाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी, बोट बुडेल एवढी!

"मामा, भट्टी ह्या फोनमध्ये डावीकडं दाखवतेय—"

"फोन खिशात घाला. ही चाकोरी दिसती का? गाड्या कशाच्या जायच्या? दाण्याच्या. दाणं कुठं जायचं? भट्टीकडं. चाकोरी जाईल तिकडं भट्टी!"

"मामा, चाकोरी सगळ्याच रस्त्यांना आहे."

"मग जी खोल हाय ती धरायची!"

काठी उंच धरली आणि निघालो. नजर समोर, मिशी वर. थोडं गेलो तर मागनं कौसाची हाक.

"आवो! आवो, थांबा की जरा!"

"चला चला, म्होरं हाय!"

"आवो, पर ही बघा तरी—"

"बाकी काय बी बघायचं न्हाई! आज फक्त भट्टी!"

आणखी दोन हाका आल्या, मग बंद झाल्या. म्हटलं, आली टोळी वळणावर! उलट पावलांचा आवाज वाढल्यासारखा वाटला. म्हटलं, दगडी गाव आहे, घुमत असेल. मी वळलो की पावलं वळत होती. मी थांबलो की थांबत होती. मग मलाही चेव आला. काठीनं दाखवत मी सांगायला लागलो, "हे बघा, ह्यो वाडा. पाटलाचा दिसतोय. ह्यो गावाचा आड. हितं बायका पाण्याला यायच्या." तर मागनं आवाज आला, "आऽऽ!" जावयांना लग्नापासून पहिल्यांदाच माझं काही पटलं, म्हणून मला लई बरं वाटलं.

चाकोरी संपली आणि लोखंडी फिरतं फाटक आलं. म्हटलं बरोबर आहे, एवढ्या गावाची भट्टी गावाबाहेरच असणार, आगीची भीती! फाटक ढकलून मी पलीकडं गेलो. आता, माणसं चढवताना-उतरवताना मात्र मुकादम उलटा उभा राहतो आणि डोकी मोजतो. मी उलटा झालो.

पहिलं डोकं आलं ते सुपाएवढ्या टोपीचं. म्हटलं, कौसानं टोपी कधी घेतली? मागनं दुसरं डोकं, टक्कल. मग तिसरं, चौथं... गोरीपान म्हातारी माणसं, गळ्यात कॅमेरे, फाटकातनं येतच होती! मी काय करावं? मोजत राहिलो! (सवय.) सगळे माझ्याभोवती गोल उभे राहिले आणि मी आता काय सांगतो म्हणून तोंडाकडं बघायला लागले. एक माणूस मागं राहिलं नव्हतं. टोळी काढावी तर अशी! फक्त टोळी दुसऱ्याची होती.

"बाई, आमची कौसा कुठं हाय?" मी टोपीवालीला विचारलं. तिनं मान हलवली आणि माझा फोटो काढला.

एवढ्यात आतल्या बाजूनं एक बाई पिवळी छत्री घेऊन पळत आली आणि गज धरून माझ्यावर ओरडायला लागली. ही त्यांची खरी मुकादमीण! भाषा कळली नाही, पण मुकादमाला शिव्या कळायला भाषा लागत नाही. फाटक फिरत होतं ते एकाच बाजूनं. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, फक्त इथं बाहेर कोंडतात. शेवटी पहारेकरी आला, छत्रीवालीनं हातापाया पडून तिची टोळी बाजूच्या दारानं आत घेतली. मी पण शेवटच्या म्हाताऱ्याचा हात धरून घुसायला लागलो, तर पहारेकऱ्यानं मला एकट्यालाच हुडकलं. तिकीट मागितलं. तिकीट जावयांच्या खिशात! मी त्याला दोन्ही हातांनी भाकरी थापून दाखवली, भट्टीसारखं गोल तोंड काढून दाखवलं. त्याला लगेच समजलं. त्यानं मला समोरच्या पिझ्झाच्या गाड्याकडं लावून दिलं.

फोन माझा तिकडं चालत नव्हता. बाकड्यावर बसलो. जहाजाची काळजी नव्हती. जावयांकडं घड्याळ होतं. काळजी भट्टीची. एवढं एकच मागणं तिचं, आणि मी इकडं बाहेर. तिला आता कोण दावणार? जावयांना तर चाकोरीसुद्धा कळत नाही! बिचारी रडत असेल, असं मनात आलं. त्यात पटका बघून आणखी एक टोळी माझ्यापाशी येऊन उभी राहायला लागली, म्हणून काठी बाकड्याखाली दडवली.

लई वेळानं फाटक फिरलं. म्होरं कौसा! चेहरा असा, की मंगलच्या लग्नातसुद्धा एवढा फुलला नव्हता.

"कुठं हरवला व्हता गं तुमी?" मी आधीच दरडावलं.

"आमी? आमी भट्टीपशीच व्हतो. तुमी कुठं गेलते?"

"कंच्या भट्टीपशी?"

"आवो, काठी नाचवत तुमी जिच्या म्होरनं गेलते तिच्यापशी! हाका मारू मारू घसा बसला माझा, आन् तुमी म्हणता, बाकी काय बी बघायचं न्हाई!"

जावई लांब जाऊन आभाळाकडं बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"बरं... मग कशी हाय?" मी हळूच विचारलं.

"दगडाची जाती हाईत, बाप्याच्या छातीएवढी! बाईच्यानं हलायची न्हाईत, जनावर जुपत असतील. आन् भट्टीचं तोंड कमानीचं, आजूक शाबूत." कौसानं पदर सावरला. "मी हात जोडले. म्हणलं, बाई, तुझ्या भाकरी करपल्या, पर भट्टी ऱ्हायली गं."

"चल, मला बी दाव."

"एकदा भाईर आलं की तिकीट संपलं, मंगल म्हणती. आन् गाडीची येळ झाली. चला, व्हा म्होरं!"

मी म्होरं झालो. पण स्टेशन येईपर्यंत, खरं सांगतो, चार-पाच वेळा मागं बघितलं.

आता गावात पारावर लोक विचारतात, "तात्या, ती भट्टी कशी व्हती सांगा की!" मी खाकरतो, मिशीवरनं हात फिरवतो आणि सांगतो: छातीएवढी जाती, कमानीचं तोंड, आजूक शाबूत. ऐकणारे माना डोलवतात. कौसा तिकडनं जाता जाता ऐकते, पण एक शब्द बोलत नाही. (हा तिचा मोठेपणा.)

मुकादमकीचा मला आजही अभिमान आहे, त्यात फरक नाही. पण एक गोष्ट राहून राहून टोचते. डोंगराएवढ्या राखेखाली गाडलेलं ते गाव, उकरणाऱ्यांना सापडलं. मला मात्र तिकीट काढून, आत जाऊन, मधोमध चालूनसुद्धा सापडलं नाही!