रशीदभाईंनी सोपवलेलं कपाट

रशीदभाई गेल्याचं मला नाशिकला कळलं. निराधार योजनेचं एक अडलेलं प्रकरण घेऊन मी कचेरीच्या व्हरांड्यात उभी होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. "ताई, अब्बा सकाळी गेले..." एवढंच ती बोलू शकली. मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. आतून नावाचा पुकारा झाला, मी आत गेले, सही घेतली आणि मगच नामपूरची गाडी धरली. पोहोचले तेव्हा दफन उरकलं होतं. काम अर्धवट टाकून आले असते तर त्यांना आवडलं नसतं, अशी तेव्हा मी माझी समजूत घातली. ती किती खरी होती, कोण जाणे.

आता तीन महिने होऊन गेले. या काळात आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांनी त्यांच्याबद्दल बरंच सांगितलं. मला जे सांगायचंय ते फारसं कुणाला माहीत नाही, आणि त्यातला थोडा भाग माझ्याबद्दल आहे.

रशीदभाईंचे वडील मालेगावला यंत्रमागावर काम करायचे. रशीदभाई दहावीनंतर मामांकडे नामपूरला आले. अक्षर मोत्यासारखं, म्हणून लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. तेच बघून आमदारांनी त्यांना आपल्या संपर्क कार्यालयात बसवलं. पंधरा वर्षं ते तिथं होते. मी समोरच्या पक्षात. ग्रामपंचायतीची सदस्य, नंतर तालुक्याची पदाधिकारी. भाषणांत मी त्या कार्यालयाला 'दरबार' म्हणायचे. बाजारात भेटले की ते हसून विचारायचे, "ताई, दरबारात कधी येताय?"

मग ती निवडणूक आली. मतमोजणीला आम्ही दोघंही आपापल्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून एकाच टेबलाशी होतो. प्रत्येक फेरीचे आकडे ते कागदावर नीट टिपून घेत होते. त्यांचे साहेब मागे पडत गेले तरी त्यांचं अक्षर काही बिघडलं नाही. दुपारी निकाल स्पष्ट झाला. बाहेर आमच्या पोरांनी गुलाल उधळायला सुरुवात केली, राज्यातही सरकार बदलणार हे टीव्हीवर दिसू लागलं. रशीदभाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "मुबारक हो, ताई. उद्यापासून लोक तुमच्याकडे येतील. सकाळी सातलाच येतात, चहा आधी पिऊन घेत जा."

लोक खरंच आले. आमचे आमदार मुंबईला शपथविधीच्या गडबडीत, आणि नव्या कार्यालयात मी एकटी. कुणाच्या शेताला वीज देणारी डीपी जळालेली, कुणाचं रेशनकार्डातलं नाव कमी झालेलं, कुणाच्या विधवा सुनेचा अर्ज दोन वर्षं पडलेला. विचारलं की एकच उत्तर, "कागद रशीदभाईंकडे दिलाय." आणि जुन्या कार्यालयाला तर कुलूप. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. लोक माझ्या तोंडावर काही बोलत नव्हते, पण उठून जाताना त्यांचे चेहरे दिसायचे.

आठ-नऊ दिवसांनी दारात छोटा टेम्पो थांबला. त्यातून एक लोखंडी कपाट उतरवलं गेलं आणि त्याच्यामागून रशीदभाई. कपाटात गावांप्रमाणे लावलेल्या फायली होत्या. प्रत्येक फायलीवर त्यांच्या हातचा एक कागद टाचलेला: काम कोणाचं, कुठवर आलंय, कुठल्या टेबलावर अडलंय, कोणाला भेटलं की हलेल. मी वाचतच राहिले.

"तुमच्या साहेबांना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही."

"ते काय म्हणाले होते?"

"फायली दाबून ठेवा म्हणाले. नव्या लोकांची फजिती होऊ द्या."

"मग आणलंत का?"

"डीपी जळाली की कांदा वाळतो, ताई. तो काही तुमच्या पक्षाचा नसतो, ना माझ्या."

बातमी लपून राहिली नाही. त्यांना पक्षातून काढलं, सभा-समारंभांची बोलावणी बंद झाली. काहींनी तर ते आम्हाला विकले गेले असंही उठवलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "साहेबांचा ईदला फोन आला नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा..." आणि लगेच दुसरा विषय काढला. घरीच बसून ते अर्ज लिहीत राहिले. मी अडले की त्यांना फोन करायचे. हळूहळू हे रोजचंच झालं.

पुढच्या निवडणुकीत आम्ही पडलो. सरकारही गेलं. आणि आमच्या आमदारांनी मला बोलावून जवळजवळ तेच सांगितलं, जे रशीदभाईंच्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. मी काय केलं? कपाटाला कुलूप लावलं. आमदारांनी सांगितलं म्हणून नव्हे. ज्यांची कामं मी पाच वर्षं केली, त्यांनीच आम्हाला पाडलं, हा राग मनात होता. दोन महिने मी किल्लीला हात लावला नाही.

एका सकाळी रशीदभाई सटाण्याला माझ्या घरी आले. बरोबर नामपूरच्या सखरबाई. त्या चपला काढूनही उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय, मन्हा कागद तुन्हाजोडे शे ना?" त्यांचा अर्ज माझ्याच कपाटात होता; मी हो म्हणाले. रशीदभाई चहा पीत राहिले. शेवटी मलाच राहवेना.

"बोला ना, रशीदभाई. रागवा माझ्यावर."

"मी काय रागावू? मीसुद्धा आठ दिवस कुलूप लावून बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, मी फायली लावत होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पडल्यावर वाईट वाटतंच, ताई. तुम्हाला जरा जास्त दिवस लागले, एवढंच."

दुसऱ्या दिवशी नव्या आमदारांच्या कार्यालयात मी कपाट पोहोचवलं. प्रत्येक फायलीवर कागद टाचून. रशीदभाई बरोबर यायला तयार होते, मीच नको म्हणाले. तिथं काम करणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "तुमच्या साहेबांना माहीत आहे?" त्यानंतर माझंही पक्षातलं येणं-जाणं संपलं. ते मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, कारण त्या वाटेवरून आधी गेलेला एक माणूस फोनवर मिळत होता.

चाळिसाव्यानंतर मी नामपूरला गेले. बाजाराचा दिवस होता. रशीदभाईंच्या पत्नी जुबेदाभाभींनी सवयीनं ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक रशीदभाईंची आणि एक येणाऱ्याची. एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन ओट्याखाली उभे होते. रशीदभाई गेल्याचं भाभींनी त्यांना सांगितलं होतं, तरी ते जात नव्हते. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पेन काढलं, म्हाताऱ्यांना ओट्यावर बसवलं.

आता दर बाजाराला जाते. भाभी अजून दोन्ही खुर्च्या मांडतात. मी येणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिते.